शेंडेनक्षत्राचं पंचांग

२० ऑक्टोबर २०२४, रविवार, संकष्टी. आंजर्ल्यात आम्ही ज्या घरी उतरलो होतो तिथल्या आजींचा उपास होता आणि भिंतीवरच्या कालनिर्णयात चंद्रोदय रात्री पावणेनवाच्या सुमाराचा दाखवला होता. आजींना ही वेळ फारच उशिराची वाटत होती. आम्हाला ती सोन्यासारखी होती. सूर्य सव्वासहाच्या आत बुडणार, साडेसातपर्यंत संधिप्रकाश निवळणार आणि तिथून चंद्र वर येईपर्यंत तासाभराहून थोडा जास्त निखळ काळोख मिळणार. एकाच घरात एकाच चंद्राची दोन तऱ्हांनी वाट पाहिली जात होती. आजी तो कधी उगवतो म्हणून घड्याळ बघत होत्या, आणि तो आणखी जरा रेंगाळला तर बरं, असं आमच्या मनात होतं.

काळोख हवा होता तो त्सुचिन्शान-अ‍ॅटलस या धूमकेतूसाठी. आठ दिवसांपूर्वी, नेमका दसऱ्याच्या दिवशी, तो पृथ्वीपासून सुमारे ७ कोटी किलोमीटरवरून गेला होता. त्या जवळिकीचा आनंद घ्यावा तोवर कोजागिरी आली. कोजागिरीच्या चंद्रासमोर धूमकेतू म्हणजे लग्नाच्या मांडवातल्या झगमगाटात तेवणारी समई. आता कृष्णपक्ष लागला होता आणि संध्याकाळचा काळोख रोज पाऊणएक तासाने वाढत होता. धूमकेतू मात्र रोज मंद होत चालला होता. या दोन रेघा जिथे एकमेकींना छेदतात ती संध्याकाळ आमच्या हिशेबाने ही होती, आणि तो हिशेब आम्ही लॅपटॉपवर केला होता.

त्या हिशेबाचा पूर्वज म्हणजे आजींच्या भिंतीवरचा चंद्रोदयाचा आकडा. आकाश आधी कागदावर मांडायचं आणि मग डोळ्यांनी पडताळायचं, हा उद्योग कोकणाला नवा नाही. १५२० मध्ये नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी ‘ग्रहलाघव’ लिहिलं. (हे नांदगाव जंजिरा-मुरूडजवळचं. दापोलीचं मुरूड वेगळं, आणि त्या मुरूडकडे आपल्याला पुढे वळायचंच आहे.) ‘ज्या’ आणि ‘चाप’ या त्रिकोणमितीतल्या राशींची किचकट आकडेमोड टाळून साध्या गुणाकार-भागाकारांनी ग्रहांच्या जागा काढता याव्यात, ही त्यांची युक्ती. गणित हलकं झालं, गावोगावचे जोशी ते करू शकले आणि पुढे कित्येक पिढ्या पंचांगं त्यावर निघाली. १८६० मध्ये केरो लक्ष्मण छत्रे यांनी ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ छापली. त्यात युरोपातल्या ताज्या वेधांचे आकडे मराठीत उतरले. एका अर्थाने हीच तेव्हाची सॉफ्टवेअरं. तारीख घाला, कोष्टकं चाळा, बेरीज-वजाबाकी करा, ग्रह कुठे आहे ते सापडेल.

या साऱ्या मांडणीत धूमकेतूला मात्र घर नव्हतं. सहाव्या शतकातल्या वराहमिहिरांनी ‘बृहत्संहिते’त केतूंचं म्हणजे धूमकेतूंचं प्रकरण लिहिताना सुरुवातीलाच सांगून टाकलं की यांचा उदय नि अस्त गणिताने काढता येत नाही. हे विधान मला फार आवडतं. ज्याचं गणित येत नाही त्याचं येत नाही असं म्हणायला धीर लागतो. लोकांनी त्याला शेंडेनक्षत्र म्हटलं, राजाच्या मरणाशी आणि दुष्काळाशी जोडलं. पंचांगकर्त्यांनी मात्र आपल्या रकान्यांत त्याला जागा दिली नाही.

ती जागा मिळाली युरोपात, आणि तीही सहज नव्हे. १५३१, १६०७ आणि १६८२ मध्ये दिसलेला धूमकेतू एकच असावा, असं एडमंड हॅले यांनी १७०५ मध्ये मांडलं. तो नेमका कधी परतेल हे काढायला फ्रान्समध्ये तीन माणसं बसली : क्लेरो, लालांद आणि निकोल-रेन लेपोत. लेपोतबाई आणि लालांद कित्येक महिने सकाळपासून रात्रीपर्यंत गुरू-शनीच्या ओढीची आकडेमोड करत होते. त्यांचं उत्तर आलं एप्रिल १७५९ चा मध्य, महिनाभर इकडे-तिकडे. धूमकेतू सूर्याला वळसा घालून गेला १३ मार्चला. त्याआधी १७५८ च्या नाताळात तो पहिल्यांदा पुन्हा दिसला, तो ड्रेस्डेनजवळच्या पालिच नावाच्या एका शेतकऱ्याला. वेधशाळेतल्या पगारी माणसांच्या आधी हौशी माणसाला. आमच्या जमातीला हा प्रसंग सांगताना जरा चढतंच.

आता मुरूड. आंजर्ल्याहून दक्षिणेला हर्णै लागतं आणि त्याच्या पलीकडे मुरूड. महर्षी कर्व्यांचं मुरूड म्हणून लोक ते ओळखतात. पण शंकर बाळकृष्ण दीक्षित यांचा जन्मही इथलाच, १८५३ चा. पेशाने शिक्षक असलेल्या या माणसाने १८९६ मध्ये ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ प्रसिद्ध केलं. भारतीय ज्योतिषाच्या इतिहासावर आजही ज्याच्यावाचून पान हलत नाही असा तो ग्रंथ. दोनच वर्षांनी, पंचेचाळिशीही पुरी न होता, ते गेले. त्यांचं आणखी एक पुस्तक आहे, ‘ज्योतिर्विलास अथवा रात्रीची दोन घटका मौज’. मराठी माणसाने रात्री अंगणात उभं राहून वर बघावं एवढ्याचसाठी लिहिलेलं. हौशी आकाशनिरीक्षणाला इतकं नेमकं नाव दुसऱ्या कुणी दिलेलं मला माहीत नाही. मौज, आणि तीही दोन घटका म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटं. त्याहून जास्त वेळ पाहिलं तर मान दुखतेच.

दीक्षितांचा एक शोध असा. शतपथ ब्राह्मणात एक उल्लेख आहे की कृत्तिका पूर्व दिशेपासून ढळत नाहीत, बाकीची नक्षत्रं ढळतात. दीक्षितांनी हे वाक्य शब्दशः घेतलं. कृत्तिका अगदी पूर्वेला उगवत असतील तर त्या तेव्हा खगोलीय विषुववृत्तावर असल्या पाहिजेत. आज त्या तिथे नाहीत. पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा डुलतो, त्याची एक फेरी सुमारे २६ हजार वर्षांची, आणि त्यामुळे तारे हळूहळू जागा सोडतात. मग मागे मोजत जायचं. दीक्षितांनी मोजलं आणि इसवी सनापूर्वी सुमारे ३००० हा काळ काढला. त्या वाक्यावरून ग्रंथाचा काळ ठरवावा का, यावर विद्वानांत मतभेद आहेत आणि ते राहतील. गणित मात्र चोख आहे.

हे गणित आज कोणालाही पडताळता येतं. स्टेलेरियम नावाचं एक फुकट सॉफ्टवेअर आहे. फाब्यँ शेरो या फ्रेंच तरुणाने या शतकाच्या तोंडावर ते लिहायला घेतलं आणि मग जगभरच्या लोकांनी हातभार लावून वाढवलं. त्याची पहिली ‘पूर्ण’ म्हणावी अशी १.० आवृत्ती यायला ऑक्टोबर २०२२ उजाडला, यावरून ही माणसं किती निवांत आणि किती काटेकोर असावीत याची कल्पना यावी. एफ६ दाबून जागा भरायची : दापोली, अक्षांश सुमारे १७.७६ उत्तर, रेखांश ७३.१९ पूर्व. एफ५ दाबून वर्ष भरायचं. इथे एक गंमत आहे. इसवी सनापूर्वी ३००० हवं असेल तर उणे २९९९ लिहावं लागतं, कारण खगोलगणितात शून्य नावाचं वर्ष असतं आणि इतिहासात नसतं. मग एफ३ दाबून कृत्तिका शोधायच्या आणि काळ पुढे सरकवत त्या उगवेपर्यंत थांबायचं. पुंजका क्षितिजावर येतो तो पूर्वबिंदूला चिकटून. पुन्हा आजची तारीख घाला, तोच पुंजका पूर्वेच्या उत्तरेला पंचवीस अंशांवर उगवताना दिसेल. हात लांब करून मूठ धरली तर ती साधारण दहा अंशांची, म्हणजे हे अंतर अडीच मुठींचं. ज्या गावात दीक्षित जन्मले त्याच गावच्या वाळूवर बसून मी हे एकदा करून पाहिलं आहे. पाच मिनिटं लागली. त्यांना त्यासाठी किती कागद लागले असतील, हा विचार त्यानंतर बराच वेळ डोक्यात होता.

ताऱ्यांना आणि ग्रहांना हे सॉफ्टवेअर असं घट्ट धरून ठेवतं. धूमकेतूचं तसं नाही. नव्या धूमकेतूचं नाव शोधचौकटीत टाकलं तर पहिल्यांदा काहीच सापडत नाही. तो सॉफ्टवेअरला ठाऊकच नसतो. अमेरिकेतल्या केंब्रिजला मायनर प्लॅनेट सेंटर आहे. जगभरातून आलेले वेध तिथे जमतात आणि प्रत्येक धूमकेतूच्या कक्षेचे आकडे जाहीर होतात. ते इंटरनेटवरून आपल्या सॉफ्टवेअरमध्ये उतरवून घ्यावे लागतात. दापोलीहून खाली समुद्राकडे निघण्याआधीच हे काम उरकलेलं बरं. खाली गेल्यावर मोबाइलची रेंज माडांच्या झावळ्यांवर अवलंबून असते.

कक्षेचे आकडे सहा. सूर्याच्या सर्वांत जवळ तो कधी येईल. तेव्हा किती जवळ असेल. त्याची वाट किती लांबोडकी आहे. ती वाट पृथ्वीच्या वाटेशी किती कललेली आहे. ती आपली पातळी कुठे छेदते. आणि त्या कललेल्या पातळीत तिचं टोक कुठल्या दिशेला आहे. त्सुचिन्शान-अ‍ॅटलससाठी यातले काही असे : २७ सप्टेंबर २०२४ ला सूर्याजवळ, अंतर पृथ्वी-सूर्य अंतराच्या ०.३९ पट, म्हणजे बुधाच्या आसपास. कल १३९ अंश. नव्वदच्या वर गेला म्हणजे स्वारी ग्रहांच्या उलट दिशेने धावते आहे. या सहा आकड्यांवर धूमकेतूची जागा इतकी बिनचूक येते की दुर्बीण तिकडे वळवली तर तो नजरेच्या टप्प्यात असलाच पाहिजे. मात्र आकडे ताजे हवेत. ग्रहांच्या ओढीने आणि स्वतःच्याच वाफेच्या धक्क्याने त्याची वाट किंचित बदलत असते. वर्षभर जुने आकडे म्हणजे वर्षभर जुनं वेळापत्रक घेऊन एसटी स्टँडवर उभं राहणं.

या सहांच्या जोडीला आणखी दोन आकडे येतात, आणि सगळी फसगत त्या दोघांत आहे. ते तेजाचे. पृथ्वीपासून धूमकेतूचं अंतर दुप्पट झालं तर त्याचा उजेड चौथाई होतो, हे कुठल्याही कंदिलाला लागू आहे. पण तो सूर्याच्या निम्म्या अंतरावर आला तर? नुसता परावर्तित उजेड असता तर चौपट झाला असता. धूमकेतू मात्र तापतो, त्याचं बर्फ थेट वाफ होऊन उडतं, सोबत धूळ उधळतं आणि तेज साधारण सोळापट होतं. हे ‘साधारण’ महत्त्वाचं. सोळा हा काही निसर्गनियम नव्हे, अनेक जुन्या धूमकेतूंच्या वागण्यावरून बसवलेली ती सरासरी आहे. सूर्याकडे पहिल्यांदाच येणारा धूमकेतू दूर असतानाच पृष्ठभागावरचे चटकन उडणारे वायू उधळून मोठा आव आणतो आणि जवळ आल्यावर ढेपाळतो, असं पुष्कळदा होतं. सॉफ्टवेअर मात्र सरासरीवर विश्वास ठेवून पुढल्या सहा महिन्यांचं तेज दशांशासकट सांगून मोकळं होतं. सहा आकडे गणिताचे आणि दोन अंदाजाचे असले तरी पडद्यावर आठही सारख्याच अक्षरांत दिसतात.

२०१३ मध्ये मी याच सापळ्यात पडलो. आयसॉन नावाचा धूमकेतू येणार होता आणि २८ नोव्हेंबरला तो सूर्याच्या पृष्ठभागापासून जेमतेम बारा लाख किलोमीटरवरून जाणार होता. पडद्यावर डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातली पहाट मी आधीच बघून ठेवली. काय ते तेज, काय ती शेपटी! पूर्वेकडे मोकळं क्षितिज हवं म्हणून सड्यावरची जागा हेरली, ओळखीतल्या चौदा-पंधरा जणांना पहाटे साडेचारला यायचं आमंत्रण दिलं, एकीने तर थर्मास भरून चहा आणायचं कबूल केलं. २८ तारखेला आयसॉन सूर्याजवळ गेला आणि तिथेच त्याचा चुरा झाला. उरलेली धूळ दोन-तीन दिवसांत विरून गेली. माझ्या लॅपटॉपवर मात्र तो डिसेंबरभर दिमाखात फिरत होता. शेपटी फुलवून, ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळी. मेल्याची वर्दी त्याला कुणी दिली नव्हती. चहा आम्ही प्यालो, शनी पाहिला आणि घरी आलो.

मग जुलै २०२०. निओवाइज हा धूमकेतू नुसत्या डोळ्यांनी दिसत होता, जगभरचे फोटो मोबाइलवर येत होते. दापोलीच्या किनाऱ्यावर त्या वेळी काळोख होता आणि असा काळोख गेल्या कित्येक वर्षांत नव्हता. ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ येऊन गेलं होतं. माड-पोफळी झोपल्या होत्या, विजेचे खांब आडवे झाले होते आणि कित्येक वाड्यांत आठवडेच्या आठवडे दिवा लागला नाही. आकाशनिरीक्षकाने ज्याच्यासाठी नवस बोलावा असा काळोख, आणि त्याच्यासाठी लोकांनी मोजलेली ती किंमत! त्यातून पाहायला मिळालं काय? ढग. जुलैतला कोकणातला पाऊस धूमकेतूसाठी उघडीप देत नाही. सॉफ्टवेअरमध्ये वायव्येला, क्षितिजाच्या जरा वर, तो रोज संध्याकाळी नेमाने दिसत होता. निओवाइज पुन्हा येईल तो सुमारे ६,८०० वर्षांनी.

पावसाळ्यात धूमकेतूवाल्यांनी करायचं तरी काय, याचं एक उत्तर जाता जाता देतो. सोहो नावाचं अवकाशयान १९९५ पासून सूर्याकडे टक लावून आहे. त्याच्या प्रतिमा इंटरनेटवर सगळ्यांना खुल्या असतात. त्यांत सूर्यात झेपावणारे चिमुकले धूमकेतू शोधायचं काम मुख्यतः हौशी मंडळीच करतात. मार्च २०२४ मध्ये अशा धूमकेतूंची संख्या पाच हजारांवर पोचली. बाहेर धो धो कोसळत असताना पडवीत बसून करायचं हे खगोलशास्त्र आहे.

त्सुचिन्शान-अ‍ॅटलसबाबतही गोंधळ झालाच. जुलै २०२४ मध्ये सेकानिना या धूमकेतूंच्या जुन्या जाणकाराने निबंध लिहून सांगितलं की हा सूर्यापर्यंत धड पोचणार नाही, आधीच फुटेल. त्यांची कारणं भक्कम होती. तरीही धूमकेतू पोचला आणि वळसा घालून निघाला. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात तो आपल्या नि सूर्याच्या जवळजवळ मध्ये आला तेव्हा तर अपेक्षेपेक्षा पुष्कळच झळाळला. उन्हाच्या तिरिपेत घरातली धूळ सूर्याच्या दिशेने पाहिली की चमकते, पाठमोरं उभं राहून पाहिली की दिसत नाही, तसलाच हा प्रकार. नेहमीच्या आठ आकड्यांत ही चमक बसत नाही. सूर्याजवळच्या त्या दिवसांत ती पाहिली सोहोनेच.

१४ तारखेला आम्ही मुरूडच्या किनाऱ्यावर होतो. सॉफ्टवेअरने सांगितलं होतं : सूर्य बुडतो तिथून जरा उजवीकडे नि वर, शुक्र आणि स्वाती यांच्या मधोमध. सॉफ्टवेअर सुरू केल्यावर जी जमीन दिसते ती खरं तर फ्रान्समधल्या एका खेड्याची, झाडं-शेतं असलेली. ती बदलून मी समुद्राचा देखावा लावून घेतला होता. पण त्या देखाव्यातल्या समुद्रावर धुरकं नसतं आणि मासेमारीच्या बोटींचे झगझगीत एलईडी दिवे नसतात. खऱ्या समुद्रावर दोन्ही होतं. सात वाजता, क्षितिजापासून मूठ-सव्वामूठ वर, बायनॉक्युलरमध्ये तो सापडला. सांगितलेल्या जागी, अगदी तिथेच. नुसत्या डोळ्यांनी मात्र पंधरा मिनिटं ‘दिसतोय’, ‘नाही, तो ढग आहे’ असं चाललं होतं. सोबतच्या एकाने कॅमेरा तिवईवर ठेवून चार-पाच सेकंदांची छायाचित्रं घेतली. त्यांत वर जाणारी शेपटी होतीच, शिवाय खाली सूर्याकडे रोखलेली एक बारीक फिकट रेघही होती. प्रतिपुच्छ म्हणतात ते हे. धूमकेतूने वाटेत सांडलेली धूळ त्याच्या कक्षेच्या पातळीत पातळ पत्र्यासारखी पसरलेली असते; पृथ्वी त्या पातळीतून जाते तेव्हा तो पत्रा कडेने दिसतो, नि कडेने पाहिलेला पत्रा म्हणजे रेघ. माझ्या लॅपटॉपच्या चित्रात ती नव्हती. तिथे शेपटी सूत्रावरून काढलेली होती आणि सूत्राला एकच दिशा ठाऊक होती, सूर्याच्या उलटी.

आता पुन्हा २० तारीख, आंजर्ल्याचा किनारा. या रात्रीचं काम पाहण्याचं कमी आणि मोजण्याचं जास्त होतं.

धूमकेतूचं तेज मोजायची रीत डोळ्यांची आहे आणि ती कित्येक वर्षं फारशी बदललेली नाही. ताऱ्यांच्या तेजाच्या प्रती असतात. आकडा जितका मोठा तितका तारा मंद. पाच प्रतींचा फरक म्हणजे शंभरपट. धूमकेतूची अडचण ही की तो ठिपका नसून फाया आहे. तारा आपला सगळा उजेड एका टिंबात देतो, धूमकेतूचा उजेड कापसासारखा पिंजलेला असतो. दोघांची तुलना करायची कशी? तर बायनॉक्युलरची चकती फिरवून ताऱ्यालाच पिंजायचं. आधी धूमकेतू नीट केंद्रित करून बघायचा, त्याचा आकार आणि उजळपणा मनात धरायचा, मग शेजारच्या माहितीतल्या ताऱ्याकडे वळून तो तेवढ्याच आकाराचा होईपर्यंत धूसर करायचा. त्या फुगलेल्या ताऱ्याचा उजेड मनातल्या धूमकेतूशी जुळवायचा. मग दुसरा तारा. मग पुन्हा धूमकेतू.

तारे निवडताना लॅपटॉपचा खरा उपयोग होतो. त्याचा पडदा लाल केलेला, म्हणजे डोळ्यांना लागलेली अंधाराची सवय मोडत नाही. ती लागायला वीस-पंचवीस मिनिटं जातात आणि जायला मोबाइलचा एक फोन पुरतो. विजेरीवरही लाल जिलेटीन कागद बांधलेला. साडेसातला धूमकेतू अडीच मुठी वर होता, भुजंगधारी तारकासमूहात. त्याच समूहात एक तारा २.८ प्रतीचा आणि एक ३.२ प्रतीचा, दोन्ही फार खाली नसलेले. हे बघावं लागतं, कारण क्षितिजाजवळचा तारा हवेच्या जाड थरातून येताना उजेड गमावतो आणि अंदाज बिघडतो. पहिल्या फेरीत मला धूमकेतू २.८ वाल्यासारखाच वाटला. दुसऱ्या फेरीत जरा मंद. मग भिंगावर दव बसलं. समुद्रकिनाऱ्यावरचं दव खारट असतं, सदऱ्याच्या टोकाने पुसलं तर भिंगावर धुरकट पट्टा उरतो. त्यासाठी सुती मऊ फडकं आणि धीर दोन्ही लागतं. तिसऱ्या फेरीत आकडा ठरला, ३.०. सोबतच्या मैत्रिणीने तिचा आकडा आधीच वहीत लिहून पान दुमडून ठेवलं होतं. एकमेकांचे आकडे आधी सांगायचे नाहीत हा आमचा नियम. तिचा निघाला २.८. एवढा फरक चालतो. तो नसता तर मला संशय आला असता.

शेपटी नुसत्या डोळ्यांनी, तिरक्या नजरेने बघितल्यावर, मुठीहून थोडी कमी भरली. डोळ्याचा मध्यभाग मंद उजेडाला जवळजवळ आंधळा असतो, म्हणून नजर जरा बाजूला ठेवून बघायचं. ही सवय लागली की एरवीही माणूस गर्दीत लोकांकडे जरा तिरकाच बघू लागतो, अशी घरच्यांची तक्रार आहे.

या आकड्यांचं पुढे काय होतं? तारीख, वेळ, आकडा, साधन आणि कुठले तारे वापरले, एवढं लिहून ते पाठवायचं. स्लोव्हेनियातल्या त्सर्नी व्रह वेधशाळेची मंडळी जगभरच्या अशा धूमकेतू-वेधांचं भांडार चालवतात. कुणाचा ३.०, कुणाचा २.८, ब्राझीलमधल्या कुणाचा आणखी काही. असे शेकडो ठिपके पडले की त्यांतून वक्र उमटतो आणि तेजाचे ते दोन बदमाश आकडे या वक्रावरून सुधारले जातात. सुधारलेले आकडे फिरून आपल्या सॉफ्टवेअरमध्ये उतरतात. मायदेशी अशी मोजायची शिस्त ज्योतिर्विद्या परिसंस्थेने पुण्यात १९४४ पासून आणि हॅलेचा धूमकेतू गेल्या वेळी आला त्या सुमाराला निघालेल्या मुंबईच्या खगोल मंडळाने कितीतरी मुलांना लावली. वांगणीच्या आकाशदर्शनाच्या रात्रींत थंडीने काकडत वही सांभाळलेले पुष्कळ जण आज चाळिशी-पन्नाशीत आहेत.

सव्वाआठला आम्ही घरी परतलो ते आजींना घेऊन गच्चीवर गेलो. अंगणातून पश्चिम दिसत नव्हती, माड आड येत होते.

“तिथे बघा आजी, त्या झावळीच्या टोकाच्या जरा वर.”

आजींनी बायनॉक्युलर डोळ्यांना लावलं, उलटं लावलं, मग सुलटं केलं. बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

“हा फाया होय? एवढासाच?”

“एवढासाच.”

“आणि परत कधी यायचा?”

वर्तमानपत्रांनी ऐंशी हजार वर्षं लिहिलं होतं. लॅपटॉपमधला तिसरा आकडा, वाट किती लांबोडकी ते सांगणारा, एकच्या किंचित पुढे गेलेला होता. एकच्या पुढे म्हणजे वाट मिटत नाही, उघडीच राहते. मी म्हटलं, “बहुतेक येणारच नाही.”

“मग चांगला बघून घेते,” म्हणाल्या आणि पुन्हा बायनॉक्युलर उचललं.

पावणेनऊ वाजले. कालनिर्णयातली वेळ झाली. मोदकांचं ताट वाढून झाकून ठेवलेलं होतं, पण अंगणात चंद्राचा पत्ता नव्हता. छापलेली वेळ सपाट क्षितिजाची असते आणि आंजर्ल्याच्या पूर्वेला डोंगर आहे. आजींना हे कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. त्या पायरीवर बसल्या आणि म्हणाल्या, “आमचा चंद्र नेहमीच दहा-पंधरा मिनिटं उशिरा.”